चौगुले बाईंचा कल

मस्कतमधल्या ज्या शाळेच्या बसमध्ये मी मुलांना चढवते-उतरवते, त्या शाळेत सहावीपासूनच्या मुलांना करिअरचा सल्ला द्यायला एक वेगळी बाई आहे. तिला काचेची केबिन आहे, दारावर नावाची पाटी आहे, आणि आधी वेळ घेतल्याशिवाय ती भेटत नाही. परवा मागच्या बाकावर दोन पोरं भांडत होती. एकाला तिने 'डेटा' सांगितला होता, दुसऱ्याला 'डिझाइन'. डेटावाला रडवेला झालेला, कारण त्याला डिझाइन हवं होतं. त्याचा पट्टा लावता लावता मी विचारलं, डेटा म्हणजे काय रे? तो नाक ओढत म्हणाला, "मालूम नहीं आंटी, पर मम्मी को बोल दिया है."

मला चौगुले बाई आठवल्या. खरं म्हणजे त्या विसरल्या जातातच कुठे. मार्चमध्ये त्यांच्याच जिवावर मी गावी जाऊन दहावीची परीक्षा देऊन आले. निकाल अजून लागायचा आहे. इथल्या बस कंपनीने नवा नियम काढलाय, की गाडीतल्या बायका दहावी पास पाहिजेत, नाहीतर करार संपला की घरी. माझा करार या वर्षी संपतो. त्यामुळे सध्या घास नीट उतरत नाही, आणि घास उतरत नसला की बाईच डोळ्यांपुढे येतात. "खाल्लंस काय?" हे त्या आधी विचारायच्या आणि "तुझा कल काय?" हे नंतर.

आमची शाळा राजापूर तालुक्यात, नाटे गावात. बाई तिथे भूगोल शिकवायला आल्या त्या कोल्हापूरकडून. पहिल्याच दिवशी वर्गात म्हणाल्या, "मी कालच आलो. प्रवासानं लई दमलो." आम्ही मुली एकमेकींकडे बघायला लागलो. बाईमाणूस, अंगावर साडी, आणि 'आलो', 'दमलो'? मधल्या सुट्टीपर्यंत गावात बातमी, की शाळेत नवीन बाई आल्यात आणि त्या पुरुषासारख्या बोलतात. तिकडे सगळ्याच बायका तशा बोलतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुली घरी "मी जातो", "मी जेवतो" करून मार खाऊन झाल्या होत्या.

त्यांचे यजमान तिकडेच गुळाच्या धंद्यात. बाई सुट्टीला अणुस्कुऱ्याच्या घाटाने गावी जायच्या आणि येताना ढेप घेऊन यायच्या. उत्तर बरोबर आलं की गुळाचा खडा. चुकलं तरी खडा, पण लहान. मासळीचा वास मात्र त्यांना कधी सोसला नाही. शाळेच्या खिडकीखालीच सुकट वाळत घातलेली असायची. बाई एका हाताने नाकाला पदर लावायच्या आणि दुसऱ्या हाताने फळ्यावर हिंदी महासागर काढायच्या.

अशा या बाईंना एकदा रत्नागिरीला प्रशिक्षणासाठी बोलावलं. विषय असा होता, की मुलांनी करिअर दहावीनंतर ठरवायचं हे जुनं झालं, आता सहावीपासूनच ठरवायला लागायचं. शाळेतून कुणाला तरी पाठवणं भाग होतं. गणिताचे सर गेले तर गणित बुडतं, इंग्रजीचे गेले तर इंग्रजी. भूगोल बुडला तर कुणाला कळत नाही, म्हणून बाई गेल्या. परत आल्या त्या एक कापडी पिशवी, गळ्यात अडकवायचं कार्ड आणि 'कल' हा शब्द घेऊन.

त्या दिवसापासून शाळेत कुणाला सुख राहिलं नाही. खिचडीचे तांदूळ ठेवायची खोली होती, तिच्या दारावर 'मार्गदर्शन कक्ष' असा कागद लागला. आत पोती तशीच. सल्ला घ्यायला आलेलं पोर एका पोत्यावर बसायचं, बाई दुसऱ्यावर. सल्ला लांबला की पोराच्या मागच्या बाजूला तांदळाची खूण उमटायची, आणि वर्गात आल्या आल्या सगळ्यांना कळायचं की याचा कल काढून झाला.

पालकसभेत बाईंनी हा शब्द पहिल्यांदा वापरला तेव्हा माझी आये मागे बसली होती. आमच्याकडे कल येतो तो होडीला. जाळं एका अंगाला ओढलं गेलं, माणसं एकाच बाजूला बसली, की होडीचा म्होरक्या तांडेल ओरडतो, कल आला. घराच्या भिंतीला येतो, माडाला येतो. आणि आला म्हणजे काहीतरी बिघडलंय.

बाई म्हणाल्या, "प्रत्येक मुलाला कल हा असतोच. आपण तो वेळेत ओळखायला पाहिजे."

आये उठून उभी राहिली. "बाई, माझ्या प्रणालीला पण हाय?"

"असणारच की."

"कुठच्या अंगाला?"

"ते चाचणी घेतल्यावर कळंल. घाबरायचं नाही. उलट आपण तो वाढवायचा."

"वाढवायचा?" आये शेजारणीकडे बघून खाली बसली. पण तिला राहवेना. "त्यापेक्षा राजापूरला हाडाच्या डॉक्टरला दाखवूया काय? माझ्या जावेच्या पोराचा खांदा असाच उतरला होता, पट्टा बांधून बरा झाला."

मुख्याध्यापकांनी हसू दाबण्यासाठी घंटा द्यायला सांगितली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आयेला पुढे बोलावून होडीचा कल म्हणजे काय ते नीट विचारून घेतलं. पुढच्या तालुक्याच्या बैठकीत मग त्यांनीच भाषण ठोकलं, की सगळ्या मुलांना एकाच बाजूला बसवलं की होडी कलते. टाळ्या पडल्या. आयेला त्यातलं काही मिळालं नाही. ती आठवडाभर मला अंगणात सरळ रेषेत चालायला लावून मागून बघत होती.

बाईंची खोड अशी, की एकदा एखाद्याने कल सांगितला की त्या त्याला त्याच नावाने हाक मारायच्या. सहावीतलं पोर काहीतरी बोलून जायचं आणि आयुष्यभर अडकायचं. "ए पायलट, फळा पूस." "आर्किटेक्ट, तोंडातली चिंच बाहेर काढ." "कलेक्टर कुठं गेला? पुन्हा संडासात लपून बसलाय काय?" आमच्या गावात आजही एक रिक्षावाला आहे, त्याला सगळे शास्त्रज्ञ म्हणतात. नवीन माणसाला वाटतं डोक्याने हुशार असेल.

मग ती छापील चाचणी आली. पुण्याच्या कुणीतरी काढलेली. त्यात प्रश्न असे, की रविवारी सकाळी तुम्हाला काय करायला आवडेल: संग्रहालय बघणे, गिर्यारोहण, पुस्तकांची मांडणी, की वाद्य वाजवणे. आमच्यातल्या कुणाचाच रविवार असा नसायचा. बाईंनी सुरुवातीला तीन-तीनदा बजावलं, "ही परीक्षा नाही. ह्यात बरोबर आणि चूक नसतं." आमचा त्यावर विश्वास बसला नाही. बाक लांब लांब केलेले, हातात पेन, समोर छापील कागद, आणि म्हणे परीक्षा नाही. जी परीक्षा नाही असं सांगतात ती जास्तच अवघड असणार, असं सगळ्यांच्या मनाने घेतलं. पहिल्या बाकावर जोशी डॉक्टरांचा ओंकार बसायचा. त्याने जे लिहिलं ते मागे मागे सरकत शेवटच्या बाकापर्यंत आलं.

निकाल आला तेव्हा सातवीच्या आख्ख्या वर्गाचा कल एकच निघाला. ग्रंथपाल.

आमच्या शाळेत तेव्हा ग्रंथालय नव्हतं. एक कपाट होतं, त्याची किल्ली मागच्या शिपायाबरोबर निवृत्त झाली होती. बाईंना कळायचं ते कळलं. त्या आम्हाला बघून नुसत्या मान हलवत राहिल्या. "आख्ख्या कोकणाला एवढे ग्रंथपाल लागत न्हाईत रे," म्हणाल्या. "कॉपी करायचीच होती तर दोघा-तिघांनी वेगळी तरी करायची." पण अहवाल वर गेला तेव्हा तिकडून कौतुकाचं पत्र आलं, की अशी एकवाक्यता क्वचितच दिसते, आणि गावात वाचनसंस्कृती रुजवल्याबद्दल शाळेचं अभिनंदन. मुख्याध्यापकांनी ते चौकटीत घालून लावलं. बाईंनी सुताराला बोलावून कपाट फोडलं. आतून वाळवी, जुनी पंचांगं आणि थोडी बरी पुस्तकं निघाली. "आता वाचा," म्हणाल्या. "तुम्ही मागितलंय."

दर महिन्याला 'यशस्वी व्यक्ती आपल्या भेटीला' असायचं. गावात यशस्वी व्यक्ती शोधणं बाईंना जड जायचं. पोस्टमास्तर आले आणि त्यांनी सरकारी नोकरीचं महत्त्व सांगितलं, नंतर आपल्या मुलासाठी कुठे आहे का ते बाईंना विचारलं. आंब्याच्या कारखान्याचे मालक आले आणि शिक्षणाला पर्याय नाही म्हणाले, जाताना दारात उभ्या असलेल्या नववी नापास पोरांना म्हणाले, सीझनला या रे. मग आले अन्वरचाचा. ते मस्कतला बंदरात क्रेन चालवतात आणि तेव्हा सुट्टीवर आले होते. पांढरा शर्ट, अत्तर, हातात फोन दोन.

बाईंनी विचारलं, "तुमच्यासारखं व्हायला मुलांनी काय करायला पाहिजे?"

अन्वरचाचांनी घसा साफ केला. "खरां सांगू की शाळेतलां सांगू?"

"खरं सांगा की."

"नववीत नापास व्हायचां. आणि मामा मस्कतला हवा."

पोरं टाळ्या वाजवायला लागली. मुख्याध्यापकांनी लगेच आभारप्रदर्शन सुरू केलं. बाई मात्र विचारात पडल्या. दुसऱ्या दिवसापासून मार्गदर्शन कक्षात कलाच्या आधी एक नवा प्रश्न आला: "तुझा मामा कुठं असतो?" ज्याचा मुंबईला, त्याला एक सल्ला. ज्याचा आखातात, त्याला दुसरा. माझा मामा गावातच असायचा, आणि सकाळी उठून कुठे असायचा ते मामीला ठाऊक नसायचं. बाई म्हणाल्या, "तुला अभ्यासच करावा लागणार."

आणि मी करत होते. शाळा मला आवडायची. बाबा ट्रॉलरवर खलाशी, महिनेच्या महिने बाहेर. आये कोलंबी सोलायच्या शेडमध्ये. धाकटा भाऊ अजून अंगणवाडीत. आठवीच्या दिवाळीनंतर आयेचं एकटीचं पुरेना, म्हणून शाळेच्या आधी पहाटेची मी पण जायला लागले. बर्फाच्या पाण्यात हात घालून कोलंबी सोलायची. डोकं मोडायचं, साल काढायची, दोरा ओढायचा. बोटांची कातडी आधी पांढरी होते, मग भेगाळते, मग सोलवटते. मी शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. वासाचं काही नाही, वास सगळ्यांनाच येतो.

त्याच सुमारास एक कंपनी शाळेत आली. बोटांच्या ठशांवरून मेंदू कळतो आणि मेंदूवरून करिअर, असं त्यांचं शास्त्र होतं. पहिलं शिबिर फुकट, आणि शाळेला प्रोजेक्टर देण्याचं कबूल. टाय लावलेला एक तरुण टेबलावर लाल दिव्याची डबी मांडून बसला. पोरं एकेक बोट ठेवायची, टिक वाजायचं, तो म्हणायचा, व्हेरी गुड.

माझा नंबर आला. मी बोट ठेवलं. टिक वाजलं नाही.

"कोरडं कर." मी फ्रॉकला पुसलं. "दुसरं ठेव. अंगठा ठेव. दाब जरा." त्याने डबी फुंकली, वायर काढून घातली. मग बाईंकडे वळला. "मॅडम, हिचं काही येत नाही."

"काय येत न्हाई?"

"ठसे. लाइन्सच नाहीत. म्हणजे हिचं करिअर दिसत नाही."

वर्ग खदखदून हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "नाव प्रणाली आणि प्रणालीत सापडत नाय."

बाई उठून आल्या. त्यांनी माझा हात घेतला आणि उलटा केला. नाकाला पदर लावायची त्यांची सवय, पण त्या वेळी पदर तसाच खांद्यावर राहिला. "कधीपासनं?" त्यांनी हळू विचारलं.

"दिवाळीपासून."

"आणि इथं येऊन भूगोलाच्या तासाला पेंगतीस म्हणून मी तुला उभं करतो," असं त्या माझ्याशी नाही, स्वतःशीच म्हणाल्या. मग त्या तरुणाला म्हणाल्या, "तुमच्या ह्या डबीत कोलंबी सोलणाऱ्या पोरींचं बटण नसतं काय?"

"मॅडम, टेक्निकली बघितलं तर..."

"मग गुंडाळा की."

मुख्याध्यापक धावत आले. प्रोजेक्टरचा प्रश्न होता. शिबिर पूर्ण झालं, बाई दाराबाहेर उभ्या राहिल्या. पंधरवड्याने सगळ्यांचे रंगीत अहवाल आले. माझाही आला. त्यात लिहिलं होतं की माझ्यात जन्मजात नेतृत्वगुण असून मी व्यवस्थापन शाखेत चमकेन. प्रोजेक्टर काही आला नाही.

त्यानंतर एका पहाटे बाई शेडमध्ये आल्या. सोललेल्या कोलंबीचा ढीग, खाली पाणी, वर पिवळा दिवा, आणि दारात साडी घोट्यापर्यंत उचलून उभ्या चौगुले बाई. बायकांच्या हातातली कोलंबी हातातच राहिली. बाई आयेच्या शेजारी पाट ओढून बसल्या. "मला पण द्या. नुसतं बसून बोलायला बरं वाटत न्हाई."

त्यांनी पहिली कोलंबी हातात घेतली आणि डोळे मिटले. पलीकडची शेवंता म्हणाली, "बाई, भुईमुगाची शेंग नव्हे ती. मधनं मोडू नका."

"शिकतो की. तुम्ही पोटातनं शिकून आलासा व्हय?"

थोडा वेळ सगळ्या हसत राहिल्या. मग बाई आयेला म्हणाल्या, "हिला परीक्षेपर्यंत सोडा."

आयेने मान वर केली नाही. "बाई, मला काय हौस हाय? पोरगी पुस्तक उघडून बसली की मला बरांच वाटतां. पण शेडमधली जागा एकदा गेली की परत मिळत नाय. दोघींची जागा हाय म्हणून चूल हाय."

"तुमच्या एकटीची राहू दे. हिला रविवारी आणा."

"आणि बाकीच्या दिवशी?"

 बाईंना प्रशिक्षणात हे शिकवलं नव्हतं. त्या सोलत राहिल्या. त्यांच्या पाटापुढे चुरा झालेल्या कोलंब्यांचा लहानसा ढीग झाला, मुकादम येऊन तो बघून गेला. शेवटी आयेच म्हणाली, "बरां. रविवारीच येईल. पण तुम्ही आता उठा. नायतर आमचां नाव खराब व्हायचां."

बाईंची बोटं नंतर आठवडाभर सुजलेली होती. खडू धरता येईना म्हणून त्या आठवड्यात आम्ही त्यांना तोंडाने नकाशा काढताना ऐकलं.

मी आठवी पास झाले, नववीत बसले. नववीच्या मध्यावर आयेच्या बोटात कोलंबीचा काटा मोडला आणि हात पिकला. रत्नागिरीच्या सिव्हिलमध्ये ते बोट काढावं लागलं. शेडमध्ये तिची जागा मुकादमाने थोडे दिवस धरून ठेवली, मग विचारलं, तुमच्यातलं कोण येणार? मी गेले.

दाखला न्यायला शाळेत गेले तेव्हा बाई मला मार्गदर्शन कक्षात घेऊन गेल्या. भिंतीवर भला मोठा रंगीत तक्ता होता, 'दहावीनंतर पुढे काय?' मधोमध दहावीचा चौकोन, त्याच्यातून बाण निघालेले, कला, वाणिज्य, विज्ञान, आयटीआय, पुढे त्यांचे फाटे, फाट्यांना फाटे, वर छतापर्यंत. बाईंनी तो स्वतः लावला होता, रोज त्यापुढे उभ्या राहून बोलायच्या. त्या दिवशी त्यांनी दहावीच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि खाली सरकवलं. खाली काही नव्हतं, पोपडे आलेली भिंत होती.

"ह्यात तू कुठंच न्हाईस गं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्या रागावतील. पण त्या तक्त्याकडे अशा बघत होत्या, जसा काही तो दुसऱ्याच कुणीतरी लावला होता. मग पोत्यावर बसल्या, मला गुळाचा खडा दिला, मोठा, आणि म्हणाल्या, "जा. मी बघतो."

माणसं 'मी बघतो' म्हणतात ते बहुतेक बोलणं संपवायला. बाई बघत राहिल्या. नंतरची वर्षं मी शेडमध्ये होते. बाजारात, बस थांब्यावर, कुठेही दिसले की त्या लांबून ओरडायच्या, "दहावी?" मला त्यांनी कल विचारणं सोडून दिलं होतं. मी मान खाली घालायचे. कधीकधी बाई दिसल्या की मी दुसऱ्या रस्त्याने जायचे. पण गाव केवढं.

भाऊ मोठा झाला, बाबांनी बोटीवर जाणं थांबवलं, तेव्हा मीच एकदा बाईंकडे गेले. म्हटलं, मला बाहेर जायचंय, काहीही काम चालेल. बाई मला घेऊन सरळ अन्वरचाचांच्या घरी. ते सुट्टीवर आले होते, अंगणात फणस फोडत बसलेले.

"अन्वरभाई," बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होतासा, मामा मस्कतला हवा. हिचा मामा व्हा."

अन्वरचाचांनी तेलाचा हात पुसला. "बाई, मी मुसलमान, ही भंडाऱ्यांची पोर. मामा कसा होणार?"

"नववी नापास तुम्हीबी, नववी ही बी. भाचीच की."

चाचांना हसू आवरेना. आतून त्यांच्या बायकोनेच सांगितलं, की तिची नणंद तिथे शाळेच्या बसगाड्यांचं काम बघते, मुलांना सांभाळायला बायका लागतात. पुढचं सगळं अन्वरमामांनी केलं. मी त्यांना मामाच म्हणते.

जाण्याआधी बाईंनी माझी तयारी घेतली. शाळा सुटल्यावर ओसरीवर खुर्च्या मांडून बस केली. मी इंग्रजीत "सिट डाउन, प्लीज" म्हणायचं, आणि बाईंनी रडणारं लहान पोर व्हायचं. त्या इतक्या जोरात रडायच्या, की एकदा शिपाई पाणी घेऊन धावत आला. "तू मला असं ओढू नकोस," त्या रडणं थांबवून सांगायच्या. "पोराला आधी विचार, खाल्लंस काय." मग पुन्हा रडायला लागायच्या. इथे आल्यावर पहिल्या दिवशी एक पोर खरंच तसं रडलं. मी विचारलं, खाना खाया? ते गप्प झालं.

मस्कतला येऊन चांगलं चाललं होतं. मग तो नियम निघाला. मी बाईंना फोन केला, रडत. त्या म्हणाल्या, "बरं झालं."

"काय बरं झालं, बाई?"

"माझं ऐकत नव्हतीस, कंपनीचं तरी ऐकशील. सतरा नंबर भरून टाक."

शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा अर्ज. तो बाईंनी तिकडे भरला. अभ्यास सगळा फोनवरच्या आवाजातून. त्या बोलून पाठवायच्या, मी दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात रिकाम्या बसमध्ये ऐकायचे. दहावीच्या भूगोलात ब्राझील आहे. बाहेर मस्कतचं ऊन, आत बंद गाडी, आणि कानात कोल्हापूरच्या बाई ब्राझीलचा पाऊस सांगतायत, मधेच कुणाला तरी ओरडतायत, "ए शास्त्रज्ञ, रिक्षा गेटातनं काढ." गणिताला त्यांनी गणिताच्या सरांना धरलं होतं. सर प्रत्येक वेळी म्हणायचे, "नमस्कार, मी बाईंच्या सांगण्यावरून बोलतोय," आणि मग समीकरण.

मार्चमध्ये मी रजा घेऊन गेले. आमचे सुपरवायझर जोसेफसर केरळचे आहेत, माणूस सरळ, पण त्यांच्या वरही कुणी आहे. त्यांनी सांगितलं होतं, नवीन सत्राच्या आधी गाडीवर हजर नाही झालीस तर फेरी दुसरीला जाईल, मग करारापर्यंतसुद्धा थांबायला नको. आणि शेवटचा पेपर, भूगोल, नेमका त्या तारखेच्या पलीकडे. मी सोडून परत यायला निघाले होते. बाईंनी माझी बॅग त्यांच्या घरी नेऊन ठेवली, ती दिलीच नाही.

भूगोलाच्या दिवशी भूगोलाच्या शिक्षकांना केंद्रात घेत नाहीत. बाकीच्या दिवशी बाई पर्यवेक्षक म्हणून वर्गावर्गांतून फिरल्या होत्या, माझ्या बाकापाशी अजिबात न थांबता. त्या दिवशी मात्र त्या गेटाबाहेर, आंब्याच्या सावलीत, दगडी कुंपणाच्या गडग्यावर बसल्या. आत फोन नेता येत नाही. म्हणाल्या, "फोन माझ्याकडं दे. वाजला तर मी बघतो."

माझा बाक खिडकीशी होता. आजूबाजूला पंधरा-सोळा वर्षांची पोरं, मला बघून एकाने आधी "नमस्ते मॅडम" केलं होतं. पेपर हातात आला. पहिले प्रश्न बरे गेले. मग प्रश्न आला, ब्राझीलमध्ये चक्रीवादळे क्वचितच होतात, कारण लिहा. मला येत होतं. मी वर बघितलं, आणि बाहेर बाई माझा फोन कानाला लावून उठून उभ्या राहत होत्या.

जोसेफसरांशिवाय मला त्या वेळी फोन करणारं कुणी नव्हतं.  बाई गडग्याच्या कडेने चालत गेल्या, वळल्या, परत आल्या. त्यांचं कोल्हापुरी हिंदी माझ्या बाकापर्यंत ऐकू येत नव्हतं. मस्कतला परतल्यावर जोसेफसरांनीच सांगितलं, त्यांनी विचारलं होतं प्रणाली कुठे आहे, तिकडून उत्तर आलं, पेपर में है, और तुम उसको मत सताओ, तीन दिन के बाद मैं खुद भेजता है. "युवर मदर व्हेरी स्ट्रिक्ट," जोसेफसर म्हणाले. ती माझी आई नव्हे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पण तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं. तेव्हा एवढंच दिसत होतं, की बाई बोलता बोलता थांबल्या आणि त्यांनी खिडकीकडे बघितलं. माझं पेन थांबलेलं त्यांना दिसलं. त्यांच्या कपाळावर आठी आली, तीच, वर्गातली. फोन कानाला तसाच धरून, तिकडे बोलणं चालू ठेवून, त्यांनी दुसरा हात वर केला आणि बोटांत खडू असल्यासारखा हवेत भराभर फिरवला. खाली बघ. लिही.